भाताच्या पेंढ्यापासून इंधन

भाताची कापणी उरकल्यावर हरियाणातील शेतकऱ्याच्या हाती गव्हाच्या पेरणीपर्यंत जेमतेम तीन आठवडे उरतात. यंत्राने कापलेल्या भाताचा पेंढा रानात तसाच पडून राहतो. त्यात सिलिका अधिक असल्यामुळे गुरेही तो आवडीने खात नाहीत. म्हणून तो पेटवून देण्याची रीत पडली. ह्याच पेंढ्यापासून मोटारीचे इंधन करणारा कारखाना इंडियन ऑइलने पानिपत येथे उभारला असून, १० ऑगस्ट २०२२ रोजी तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे १५० लिटर, काढावयाचे अशी त्याची योजना आहे. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे.

उसाच्या मळीत साखर तयारच असते. पेंढ्यात ती तंतूंच्या रूपाने लिग्निनच्या कवचात कोंडलेली असते. प्रथम पेंढ्याचे तुकडे करून सौम्य आम्ल व वाफ ह्यांनी ते कवच सैल करतात. नंतर एन्झाइम घालून तंतूंची साखर करतात, ती आंबवतात व ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वेगळे काढतात. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जळण म्हणून उपयोगी पडते.

परंतु खरी परीक्षा कारखान्याच्या फाटकाबाहेर असते. वर्षभर पुरेल इतका पेंढा थोड्या आठवड्यांत उचलून, गठ्ठे बांधून, कोरड्या जागी रचावा लागतो. तो हलका, पण जागा फार अडवणारा. लांबून आणल्यास वाहतूकच त्याची किंमत खाऊन टाकते. ओला पेंढा गंजीत कुजतो, मातीमिश्रित पेंढा यंत्रे झिजवतो. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याच्या ताटांवर चालणारा असाच मोठा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला.

शेतकऱ्यानेही आपला हिशेब मांडावा. एक टन पेंढ्याबरोबर सुमारे १५ किलो पालाश रानाबाहेर जाते. दर ठरविताना त्याचीही किंमत धरली पाहिजे.

महाराष्ट्रात ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे. चांगला दर मिळाला तरी तो कारखान्याकडे धाडू नये. उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणूनच अधिक मोलाचे. पऱ्हाट्यांची गोष्ट वेगळी. त्यांवरील बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्या वेळेवर रानाबाहेर काढाव्याच लागतात. त्या घेणारा कारखाना जवळपास निघाल्यास उचल कोण करणार व पैसे केव्हा मिळणार, हे आधी लेखी करून घ्यावे.