जल व जैव रेणूंची प्रारणहानी
क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक (अणूतील इलेक्ट्रॉन मुक्त करणाऱ्या) प्रारणांमुळे प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले इ. जैव रेणूंची होणारी हानी सभोवतालच्या पाण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रारणाची ऊर्जा जैव रेणूतच शोषली जाऊन तो भंगल्यास त्यास प्रत्यक्ष परिणाम म्हणतात. तथापि कोशिकेचा सु. ७०% भाग पाणी असल्याने पुष्कळशी ऊर्जा पाण्यातच शोषली जाते. त्यामुळे पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलके, हायड्रोजन अणू व मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण होतात. हायड्रॉक्सिल मूलक अतिशय विक्रियाशील असून कोशिकेत काही नॅनोमीटर अंतरातच ते लगतच्या रेणूवर विक्रिया करते. हा अप्रत्यक्ष परिणाम होय. या किरणांमुळे डीएनए रेणूची जी हानी होते तीपैकी सु. दोन-तृतीयांश अशा प्रकारे होते.

या तत्त्वाचा उपयोग मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतकपेढीत (स्थापना १९८८) करण्यात आला. दात्यांकडून मिळालेली अस्थी व उल्ब (गर्भाभोवतीचे पातळ आवरण) रोपणापूर्वी निर्जंतुक करावी लागतात; परंतु तीव्र उष्णतेने त्यांतील प्रथिने बिघडतात. म्हणून तुर्भे येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या आयसोमेड या संयंत्रात त्यांना गॅमा किरणांची २५ किलोग्रे मात्रा देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. तत्पूर्वी शीतशुष्कनाने (गोठवून निर्वातात सुकविण्याच्या क्रियेने) ऊतकांतील बहुतेक पाणी काढून टाकतात. त्यामुळे मूलके कमी निर्माण होतात व ऊतक सामान्य तापमानास टिकते.

मात्र शुष्कन म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. शुष्क स्थितीत प्रत्यक्ष परिणामाने कोलॅजेन या प्रथिनाच्या साखळ्या तुटून अस्थी ठिसूळ होऊ शकते. ओल्या स्थितीत साखळ्यांमध्ये आडबंध निर्माण होण्याकडे कल असतो. शिवाय पाण्याअभावी सूक्ष्मजंतूही प्रारणास अधिक दाद देत नाहीत. म्हणून मात्रा ठरविताना जंतुनाश व ऊतकाचे बल या दोहोंचा विचार करावा लागतो.

कर्करोगावरील प्रारणोपचारात याउलट पाण्यातील मूलकेच उपयुक्त ठरतात. त्यांनी केलेली हानी ऑक्सिजनमुळे कायम होते. त्यामुळे अर्बुदातील ऑक्सिजन कमी असलेल्या कोशिका उपचारास अधिक प्रतिरोध करतात.