वाढावे आपण, जेवावे मुलाने

"आमचा बाळ काही केल्या जेवतच नाही हो!" हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आले नाही, असे घर विरळाच. हळदीकुंकवात, एस.टी.च्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे दोन आया भेटतील तिथे हा विषय निघतोच. ऐकणाऱ्याला त्याची गंमत वाटते. पण ज्या घरात दिवसातून तीनदा हा प्रसंग घडतो, त्या घराचे स्वास्थ्य कसे हरपते, हे मी माझ्या थोरल्या बहिणीच्या सांगलीच्या घरी सुट्टीभर पाहिले. आपल्यापैकी काहीजण पुढे आईबाप होतील, काहीजण मामा-मावशी झालेच आहेत. आणि प्राध्यापक मंडळींना तर हा अनुभव घरचाच असेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. त्याचे जेवण म्हणजे तासाभराची पळापळ. पुढे तो, मागे ताट घेऊन त्याची आजी. चिऊ-काऊचे घास संपले की मोबाईल पुढे येई. तरी पोटात जात ते चार घास. मग "निदान दूध तरी पिऊ दे" म्हणून पेलाभर दूध आणि जोडीला बिस्किटे. शेवटी सासूबाई म्हणत, "तुझंच लक्ष नाही," आणि ताईच्या डोळ्यांत पाणी येई.

पहिला प्रश्न असा, की उष्टावणानंतर पुढे येईल ते चाखणारे मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोंड का फिरवते? याचे उत्तर त्याच्या वाढीत आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. त्यानंतर हा वेग एकदम मंदावतो आणि वर्षाला साधारण दोन किलोंवर येतो. वाढ मंदावली, की भूकही मंदावते. म्हणजे आपल्याला जो हट्ट वाटतो, तो पुष्कळदा शरीराचा हिशेब असतो. दुसरे कारण भीतीचे. साधारण दोन ते सहा या वयात मुलाला अनोळखी पदार्थाची धास्ती वाटते. चालू लागलेल्या मुलाने दिसेल ते पान, दिसेल ते फळ तोंडात घातले तर जिवावर बेतेल; तेव्हा ही धास्ती निसर्गाने राखणीसाठीच दिली असावी, असे मानतात.

मग घरातली वडीलधारी माणसे इतकी कासावीस का होतात? याचे उत्तर मला मानसशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही. ते ताईच्या सासूबाईंकडे मिळाले. त्यांचे माहेर आटपाडीकडचे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर दुष्काळी कामावर जायचे, खडीच्या ढिगाजवळ धाकट्या भावाला सांभाळायचे, मिळेल ती सुकडी त्याला भरवायची, घरी आल्यावर मिलोची तांबडी भाकरी खायची. माण-खटाव असो की जत-आटपाडी, त्या पिढीच्या मनात भूक घर करून बसली आहे. ताटात टाकलेले अन्न त्यांना बघवत नाही, आणि न जेवलेले मूल तर मुळीच बघवत नाही. त्यांच्या आग्रहाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण तो आग्रह अनुभवातून आलेला आहे. मात्र त्या काळी मूल होते पण अन्न नव्हते. आज अन्न आहे पण मूल तोंड फिरवते. दुखणे वेगळे, तेव्हा उपायही वेगळाच हवा.

या बाबतीत परदेशात झालेले काही अभ्यास उद्बोधक आहेत. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी नुकतीच अंगावरून तोडलेली पंधरा मुले काही वर्षे देखरेखीखाली ठेवली. त्यांना द्यायचे पदार्थ चौतीस होते. जेवताना त्यांतले काही पुढे मांडायचे आणि मूल बोट दाखवील तेवढेच द्यायचे, आग्रह मुळीच नाही. कोणी एका जेवणात बरीच अंडी खाई, तर कोणी दुसरेच काही. पण एकंदरीत सारी मुले धडधाकट वाढली. १९३९ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यातली मेख अशी, की मांडलेल्या पदार्थांत साखर आणि मिठाई नव्हतीच! निवड मुलांची होती, पण मांडणी मोठ्यांची होती.

पुढे १९८२ साली लिॲन बर्च व डायन मार्लिन यांनी दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. नवा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला मिळाला, तितकी त्याची आवड वाढत गेली. काही पदार्थ तर वीस वेळा दिले गेले. आपण मात्र दोनदा नाकारलेली भाजी 'त्याला आवडत नाही' म्हणून कायमची बंद करतो. 'हे संपवलेस तर बक्षीस देईन' या आमिषाने तो पदार्थ उलट नावडता होतो, असेही बर्चबाईंना १९८४ च्या प्रयोगात आढळले.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात या साऱ्याचे सार सांगितले. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. आपल्या भाषेत सांगायचे, तर वाढणे आपले आणि जेवणे त्याचे.

हा विचार तसा आपल्याला परका नाही. आपली पंगत याच तत्त्वावर बसते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्या पंगतीचा हेतू फार मोठा, समतेचा होता. पण लहान मुलालाही ती एक गोष्ट शिकवू शकते. सर्वांना एकच अन्न, कोणाला वेगळे ताट नाही, आणि शेजारचा खातो ते पाहून आपलाही हात पुढे जातो. संक्रांतीच्या बोरन्हाणात मुलांच्या अंगावर टाकलेले चुरमुरे नि उसाचे करवे मुले आपणहून कशी वेचतात! तिथे कोणी "खा, खा" म्हणत नाही.

ताईच्या घरी जे बदल केले, ते असे. जेवणाच्या वेळा ठरवल्या: तीन जेवणे आणि मधे दोनदा थोडे खाणे. त्यामध्ये पाण्याखेरीज काही नाही. दूध दिवसाला दोन कपांवर आणले. दुधाने पोट भरले तर भाकरीला जागा उरत नाही, आणि नुसत्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला लोह कमी पडते. चहा बंद केला. सर्वांनी एकत्र जमिनीवर बसायचे, मोबाईल दुसऱ्या खोलीत. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचे, न रागावता.

पदार्थ घरातलेच ठेवले. कांदा-लसणाची तिखट चटणी घालण्याआधी भाजी-आमटीतला त्याचा वाटा बाजूला काढायचा, एवढ्यानेच निम्मे काम झाले. मोठ्या भाकरीऐवजी त्याच्यापुरती चानकी, तीही त्याने स्वतः थापलेली. कोरेगावकडचा घेवडा मऊ शिजवून चमच्याने चेपलेला, मेतकूट-तूप-भात, मेथी घातलेले छोटे थालीपीठ, मुगाचे धिरडे, चकोल्या, उकडलेले अंडे, रताळे, नाचणीची खीर, शेंगदाण्याचा कूट नि गुळाचा लाडू. प्रत्येक वेळी ताटात एक ओळखीचा पदार्थ असायचा आणि शेजारी चमचाभर नवा. तो त्याने शिवला नाही तरी कोणी बोलायचे नाही. एक खबरदारी मात्र हवीच. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. आणि सांगलीची द्राक्षे कितीही गोड असली, तरी उभी चिरूनच द्यावीत. घशात अडकण्याचा धोका असतो.

सासूबाईंना हे पटवणे सर्वांत अवघड होते. पहिल्या चार दिवसांत त्यांनाच घास गोड लागेना. अखेर अंगणवाडीतला वजनाचा तक्ता कामी आला. सेविकाताईंनी महिन्या-महिन्याचे ठिपके दाखवले. रेषा सावकाश, पण वरच जात होती. त्या बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरगं उपाशी न्हाई." ताईला बोल लावणे त्या दिवसापासून थांबले.

अर्थात प्रत्येक न जेवणे निरुपद्रवी नसते. वजनाची रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, मूल फिकट दिसू लागले, माती खाऊ लागले, घास गिळताना रडू वा ठसकू लागले, किंवा खाण्यातले पदार्थ एकेक गळून मोजकेच उरले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

चार महिन्यांनी भाचा घेवडा मागून खाऊ लागला. कृष्णाकाठच्या वांग्याला मात्र अजून हात लावत नाही. न का लावेना! आपल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये वांगे बाजूला सारणारे पदवीधर होऊ घातलेले कितीतरी दाखवता येतील.

तात्पर्य, मुलाला अन्नाबरोबर विश्वासही वाढावा लागतो. ज्यांनी भूक पाहिली, त्यांना हा विश्वास ठेवणे जड जाते, हे समजून घ्यावे. त्यांचा अवमान करू नये. पण ज्या घरी चूल दोन्ही वेळा पेटते, तिथे मुलाच्या भुकेचे राखणदार मुलाचे पोटच आहे. आपण चांगले रांधावे, वेळेवर वाढावे, शेजारी बसून जेवावे आणि बाकीचे त्या पोटावर सोपवावे.