पहिल्या चढणीचा पाऊस

‘सातारा घाटमाथा : रेड अलर्ट’ हा इशारा जुलैत पुन्हा झळकू लागला आहे. हवामान खातं घाटमाथ्यासाठी आता वेगळा इशारा देतं, हे फार चांगलं झालं. पण त्याच बातमीत खाली ‘जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ हे वाक्य असतंच आणि ते मला दरवर्षी खटकतं. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरमध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या नशिबी वर्षभरात जेमतेम ४५०-५०० मिलिमीटर येतो. अशा दोन ठिकाणांची सरासरी काढून हाती काय लागणार?

मी एकदा ऐन जुलैत हा पल्ला एसटीने एका दिवसात केला. सकाळी महाबळेश्वरच्या स्टँडवर समोरच्या गाडीची पाटी वाचता येत नव्हती. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींना पावसाचा मारा सोसायला गवताच्या झडी बांधलेल्या, काहींना निळं प्लास्टिक. पाचगणीला धुकं विरळ झालं आणि नुसती भुरभुर उरली. पसरणीचा घाट उतरताना ड्रायव्हरने वायपर बंद केला. वाईत रस्ता ओला होता, पण झाडाखालची माती कोरडी. पुढे साताऱ्याहून गाडी बदलली आणि पुसेगावच्या अलीकडेच खिडकीतून धूळ यायला लागली. माणमधल्या दहिवडीला उतरलो तेव्हा डोक्यावर ढगच ढग होते, पण सगळे पूर्वेकडे धावत सुटलेले. वारा असा की डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागत होती. थेंब मात्र एकही नाही.

डोंगराला अडून हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण एवढ्यावर पाचगणीचं कोडं सुटत नाही. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंचीवर आहे, पाचगणी त्याच्यापेक्षा फार तर ८० मीटर खाली. अंतर २० किलोमीटरसुद्धा नाही. तरी महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उलट आंबोली महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर आहे, पण पावसात महाबळेश्वरालाही मागे टाकते. म्हणजे गाव किती उंच आहे याला फारसा अर्थ नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला जी पहिली उभी चढण लागते, तिच्या ते किती जवळ आहे, यावर सगळं ठरतं.

पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसं वर नाही. तिथून आंबेनळी घाटाने निघालं की बघता बघता आपण हजार मीटरच्या वर येतो. वाऱ्यालाही हीच चढण चढावी लागते आणि तो पावसाळाभर जवळजवळ काटकोनात सह्याद्रीवर आदळत असतो. पाचगणीपर्यंत येईतो चढण संपलेली असते. तिथल्या पठारावर हवा नुसती सरकते.

या पावसाची जातही वेगळी आहे. मार्च-एप्रिलमधला वळीव गडगडत येतो, त्याचे ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातात आणि वर त्यांच्यात बर्फ तयार होतं. जुलैमधले घाटमाथ्यावरचे बरेचसे ढग मात्र बुटके असतात. पाणी गोठेल एवढी उंची ते गाठतच नाहीत. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणांभोवती थेंब धरतात, एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि पडतात. म्हणूनच ना गडगडाट, ना विजा, दिवसच्या दिवस चालणारी नुसती झड. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये याच ढगांचा अभ्यास करायला महाबळेश्वरला प्रयोगशाळा उभारली. जागा अचूक निवडली, कारण तिथे ढगाकडे मान वर करून बघावं लागत नाही. तो खिडकीतून आत येतो.

मग माणला पाऊस का नाही? घाटमाथ्यावर हवेतली सगळी वाफ संपते, असा एक समज आहे आणि तो खरा नाही. बरीच वाफ पुढे येते. मी दहिवडीला पाहिलेले ढग तिचेच. पण डोंगर ओलांडून उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा किलोमीटरभर उतरली तर जवळजवळ १० अंशांनी. तापलेल्या हवेत ढग विरतात. उरतात त्यांना उचलून धरणारं काही नसतं. वारा मात्र तसाच राहतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत.

फलटण-माणकडच्या मेंढपाळ धनगरांनी आपलं वर्षच या वाऱ्या-पावसाभोवती बांधलं आहे. दिवाळी झाली की वाडा हलतो, मेंढरं घाट उतरून कोकणात जातात. भात कापून झालेल्या खाचरांत बसतात, खताच्या बदल्यात धान्य मिळतं. पावसाळा तोंडावर आला की परत देशावर, कारण दख्खनी मेंढी कोकणातल्या ओलीत टिकत नाही. पाय सडतात, लोकर भिजून जड होते. पर्जन्यछाया हा शब्द आपण कायम दुष्काळासारखा उच्चारतो. या माणसांना पावसाळ्यात तीच छाया हवी असते.

पण शेतकऱ्याला ती मानवत नाही. शिवाय, डोंगराने जे पाणी पूर्वेच्या बाजूला टाकलं, तेही सगळं पूर्वेला येत नाही. कोयनेचं खोरं कृष्णेचं. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन वीज करायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने परवानगी दिली. ते चिपळूणच्या वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. विजेची गरज मला मान्य आहे. पण टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूरच्या योजनांमधून पाणी उपसून माणदेशाच्या उंचावर चढवायला तीच वीज खर्च होताना पाहिली की जीव तुटतो.

म्हणून जिल्ह्याच्या सरासरीबद्दल एवढं पोटतिडकीने लिहितोय. जुलैत महाबळेश्वर, पाटण, जावळीच्या आकड्यांनी ती फुगते आणि ‘जिल्ह्यात समाधानकारक पाऊस’ असा मथळा होतो, तेव्हा माण-खटावची बाजरी शेतात करपत असते. पाऊस तालुक्यानुसार, मंडळानुसार मोजला जातोच. मग छापायलाही तसाच हवा. निदान घाटमाथा आणि देश असे दोन रकाने तरी करा.

माणमध्ये आता कुणी पश्चिमेकडे डोळे लावून बसलेलं नसेल. तिकडून ढग येतात आणि जातात. तिथली खरी आशा सप्टेंबरमध्ये असते. पश्चिमेचा वारा पडतो, दुपारच्या उन्हात जागच्या जागी ढग चढायला लागतात, त्यांना वर जायला कुठल्या डोंगराची गरज नसते. बंगालच्या उपसागरातला एखादा कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला तर उत्तरा आणि हस्त नक्षत्रं चार चांगले पाऊस देऊन जातात. शाळूची पेरणी त्यावरच होते. तोपर्यंत बांधावर उभा राहून माणूस पूर्वेचं आभाळ बघत असतो.