आरशात पाणी नेमकं कुठे मुरतं?

पावसाळा तोंडावर आला की गाडीवाले वायपरचं रबर बदलतात, टायर बघून घेतात, ब्रेक तपासतात. बाजूच्या आरशांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. मग जुलैत आंबोलीच्या धुक्यात डावा आरसा जरा खाली करायला बटण दाबावं, तर आरसा ढिम्म. उजवा आरसा निदान खिडकीतून हात घालून सरकवता येतो. डावीकडे चालकाचा हातच पोचत नाही, आणि दरीच्या किंवा गटाराच्या बाजूचा अंदाज नेमका त्याच आरशातून येतो.

बटणावर चालणारा आरसा म्हणजे नुसती काच नव्हे. काचेमागे प्लास्टिकची पाटी असते. त्या पाटीला वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे ढकलणाऱ्या दोन छोट्या मोटर असतात. आरसा मिटणारा असेल तर तळाशी तिसरी मोटर. महागड्या गाड्यांत आरशाच्या बाहेरच्या कवचातच इंडिकेटरचा दिवा, काचेवरचं दव घालवणारा हीटर आणि कॅमेराही असतो. या सगळ्यांच्या वायरी आरशाच्या मानेतून दारात उतरतात आणि बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी प्लास्टिकमागे कनेक्टरला जोडलेल्या असतात.

एवढी वायरिंग असूनही हे कवच सीलबंद नसतं. काच हलायची तर तिच्याभोवती फट हवी, आणि फट आली म्हणजे पाणी आलंच. शिवाय उन्हात तापलेल्या कवचावर सर आली की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून कुंडीला असतं तसं कवचाच्या तळाला बारीक भोक किंवा खाच ठेवलेली असते. पाणी येणार हे बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. ते निघून जावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

बिघाड सुरू होतो तो वाट तुंबल्यावर. काच पूर्ण वर कलवून खालच्या फटीत टॉर्च मारला की बरंच काही दिसतं: रस्त्याचा चिखल, झाडाखाली गाडी लावल्याची खूण म्हणून कुजलेली पानं आणि हमखास कोळ्याचं जाळं. आरशाच्या आडोशाला कोळी आवडीने राहतात. जाळ्याला धूळ चिकटते, धुळीचा चिखल होतो आणि भोकाला बूच बसतं. मग तळाशी साठलेलं पाणी मोटरच्या पिनांपर्यंत चढतं.

ओल्या पिनांमधून 12 व्होल्टचा डीसी प्रवाह वाहू लागला की तांबं झिजतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. गॅरेजवाले म्हणतात, ‘कनेक्टर हिरवा पडलाय.’ अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडे समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. वायरचं आवरण कुठे चिरलं असेल, तर केशाकर्षणाने पाणी तांब्याच्या तारांमधून पार दुसऱ्या टोकापर्यंत जातं. शिवाय कनेक्टरजवळची वायर जराशी खाली लोंबती हवी. म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली ठिबकतं.

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे सिलिकॉनची ट्यूब घेऊन दिसेल ती फट लिंपून टाकणं. त्यात तळाचं भोकही बुजतं आणि ओल कायमची आत कोंडते. आरशावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचाही तोच परिणाम. आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ते सुकत नाही. वरून चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काचेवरचे थेंब कमी करतात, आतलं पाणी नाही.

वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाइप पावसापेक्षा घातक. वाहनांच्या भागांसाठीच्या आयएसओ 20653 मानकात एक कडक चाचणी आहे: 80 अंश सेल्सिअसचं पाणी 80 ते 100 बार दाबाने 10 ते 15 सेंटिमीटरवरून मारतात. असा मारा सोसणारे भाग पूर्ण बंद असतात. आरशाचं कवच तसं नसतं. धुणाऱ्याला एवढंच सांगा, ‘आरशाच्या फटीत थेट मारू नका, लांबून मारा.’

मे महिन्यात करायचं काम थोडंसंच आहे. तळाचं भोक शोधा आणि मऊ ब्रशने साफ करा. मग वरून पेलाभर पाणी ओतून ते खालून निथळतं का ते पाहा. दुचाकीच्या धक्क्याने कवचाला तडा गेला असेल तर कव्हर बदला. आरसा नवा बसवला असेल तर बुडाशी रबरी गॅस्केट नीट बसलंय का ते बघा. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना दाराचं आतलं पॅनेल उघडलं असेल, तर मागचा प्लास्टिकचा पडदा पुन्हा चिकटवला का, हे मेकॅनिकला विचारा. तो सुटा राहिला की दारातलं पाणी केबिनकडे येतं. कनेक्टर उघडायचाच झाला तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि रबरी सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

बिघाड झालाच तर आधी कान द्या. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर आतलं प्लास्टिकचं गिअर किंवा क्लिप गेली आहे. पाण्याचा दोष नाही. एकाच बाजूला आवाज नाही, तर कनेक्टर किंवा मोटर. दोन्ही आरसे गप्प असतील तर आरसे उघडण्याआधी फ्यूज आणि चालकाच्या दारावरचं बटण तपासा. खिडकी उघडी राहून पावसाचं पाणी त्या बटणांवर पडलेलं असतं आणि बिल मात्र आरशाचं फाटतं. अडलेल्या आरशाचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका; अडलेली मोटर तापून जळू शकते.

विम्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या मोटार विम्यात झीज आणि नुसता विजेचा बिघाड भरून मिळत नाही. अपघातात आरसा तुटला तर दावा करता येतो, पण झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागांच्या किमतीतून 50 टक्के घसारा कापला जातो. त्यात सर्व्हिस सेंटर बऱ्याचदा मोटर वेगळी न देता अख्खी असेंब्लीच बदलायला सांगतं. तेव्हा नुसता कनेक्टर हिरवा पडलाय की खरंच मोटर गेली आहे, हे आधी एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि मगच नव्या असेंब्लीला होकार द्या.