कंपासपेटीतला इन्क्लाइन्ड प्लेन

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शुद्धलेखनाला मार्क कापू नका!

सबमिशनच्या आदल्या रात्री मी धाकट्या भावाच्या कंपासपेटीत खोडरबर शोधत होते. सापडले टिश्यूत गुंडाळलेले दोन गुलाबी प्लास्टिकचे तुकडे. डॉक्टरांनी दिलेला ट्विन ब्लॉक. जो चोवीस तास तोंडात असायला हवा, अगदी जेवतानाही!

"अगं ताई, ते घातलं की 'स' नीट येत नाही. पोरं हसतात."

मी भडकलेच. कारण सांगते.

आम्हा दोघांचेही वरचे दात पुढे. म्हणजे सगळे तसं म्हणतात. खरं तर बऱ्याच मुलांत वरचे दात फारसे पुढे नसतातच, खालचा जबडा मागे असतो. वरच्या आणि खालच्या दातांतल्या या आडव्या अंतराला ओव्हरजेट म्हणतात. साधारण 2 ते 3 मिलिमीटर असतं, भावाचं 9 आहे. (ओव्हरबाइट वेगळं. वरचे दात खालच्यांना किती झाकतात, ते उभं माप.)

ट्विन ब्लॉक काढला स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी, 1977 साली. त्यांच्या ओळखीतल्या एका डेंटिस्टच्या मुलाचा पुढचा दात पडून निसटला होता. तो परत बसवला, पण खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकून त्याला ढकलत राहायचा. मग खालचा जबडाच पुढे धरायचा कसा? वर एक ठोकळा, खाली एक ठोकळा आणि दोघांच्या भेटीला उतार. तोंड मिटलं की जबडा आपोआप पुढे सरकतो. यात ना स्प्रिंग, ना मोटर. जोर तुमच्याच स्नायूंचा.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. (हो, ज्यात केटी लागते तेच.) क्लार्क यांनी आधी उतार 45 अंशांचा ठेवला, नंतर 70 केला. का? लाळेमुळे घर्षण सोडून देऊ. उताराला लंब बल N. 45 अंशांना त्याचा आडवा आणि उभा भाग सारखाच, 0.71N. 70 अंशांना आडवा 0.94N, उभा फक्त 0.34N. म्हणजे चावण्याचा जोर जबडा पुढे ढकलायला जास्त. फ्री बॉडी डायग्राम काढून बघा, मजा येते.

पण जबडा रबरासारखा ताणला जातो असं समजू नका. ब्रिटनमधल्या केव्हिन ओब्रायन आणि सहकाऱ्यांच्या 2003 सालच्या चाचणीत ओव्हरजेट छान कमी झाला, पण त्यात मोठा वाटा दात झुकण्याचा होता, हाडाच्या वाढीचा थोडाच. तरीही वेळ महत्त्वाची. हे उपकरण वाढीच्या वयातलं. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण 11-12 व्या वर्षी, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. डॉक्टर नुसतं वय बघत नाहीत, एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकार बघूनही वाढ किती उरलीय याचा अंदाज घेतात.

माझी ती वेळ गेली. बारा वर्षांची असताना घरात सगळे म्हणाले, "मोठी झाली की बसतील आपोआप." बसले नाहीत. शाळेत सशाच्या नावाने हाका ऐकल्या, फोटोत तोंड मिटून उभी राहिले. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांकडे गेले तेव्हा पर्याय दोन: जबड्याचं ऑपरेशन, नाहीतर वरच्या दोन चांगल्या उपदाढा काढून तारा. मी तारा घेतल्या. दात आत येतायत. हनुवटी आहे तिथेच राहणार.

हे सगळं त्या रात्री भावाला सांगितलं, आकृतीसकट. 0.94 वगैरे त्याला काही कळलं नाही. उपदाढा काढल्या हे मात्र कळलं. निमूटपणे ब्लॉक धुतला आणि घातला.

आता रोज रात्री मोठ्याने पेपर वाचायची प्रॅक्टिस चालते. पहिल्या दिवशी 'सचिन'चा 'शचिन' झाला. काल आठवडा झाला, आणि सचिन जवळजवळ सचिनच होता.