वाचू शकले असते असे जखमी

१९७९ साली जॉन वेस्ट, डोनाल्ड ट्रंकी आणि रॉबर्ट लिम या अमेरिकी सर्जनांनी कॅलिफोर्नियातल्या दोन काउंटींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाहन-अपघातांत दगावलेल्यांची कागदपत्रे त्यांनी एकेक करून वाचली होती. सॅन फ्रान्सिस्कोत जखमी माणूस कुठेही सापडला तरी त्याला एकाच सुसज्ज ट्रॉमा सेंटरमध्ये नेत. ऑरेंज काउंटीत जे रुग्णालय जवळ असेल तिथे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ९२ मृत्यूंपैकी टाळता आला असता असा एकच निघाला. ऑरेंज काउंटीतल्या ९० मृत्यूंमध्ये मात्र, ज्यांचा मृत्यू मेंदूच्या इजेने झाला नव्हता त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे वाचू शकली असती. आणि ऑरेंज काउंटीतले हे मृत सरासरीने तरुण होते, त्यांच्या जखमाही कमी गंभीर होत्या. 'आधी जवळच्या दवाखान्यात न्या' ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. इथे तीच जिवावर बेतली होती.

अशीच चिकित्सा भारतात कोणी केली का? केली. मुंबईचे सर्जन नोभोजित रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांतली पाच विद्यापीठीय रुग्णालये, १८ महिन्यांचा काळ, अपघाताचे ११,६७१ दाखल रुग्ण. त्यातले २,५२३ जण तीस दिवसांच्या आत गेले, म्हणजे दर पाचांतला एकाहून थोडा जास्त. तपासणीस योग्य अशा २,०५७ मृत्यूंचे कागद तज्ज्ञांनी वाचले. त्याआधी त्यांनी आपसात एक गोष्ट ठरवून घेतली: भारतातल्या परिस्थितीत चांगले उपचार कशाला म्हणायचे. ही अट मला फार मोलाची वाटते. परदेशी रुग्णालयाची फूटपट्टी लावली असती तर निष्कर्ष झटकून टाकणे सोपे गेले असते. इथल्या मापाने मोजूनही टाळता येण्याजोगे मृत्यू ५८ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ बाराशे माणसे.

खरे नवल पुढे आहे. जखमांची तीव्रता मोजायला जगभर एक गुणांकन वापरतात. बाल्टिमोरच्या सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७४ साली मांडले. शरीराचे सहा भाग करायचे, सर्वाधिक जखमी अशा तीन भागांचे गुण घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज करायची. कमाल गुण ७५. रॉय यांच्या अभ्यासात सर्वांत गंभीर गटातले ४४ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे ठरले आणि आठपर्यंत गुण असलेल्या सौम्य गटातले ७१ टक्के! अर्थात या आकड्याकडे जरा सावधपणे पाहिले पाहिजे. स्कॅन होण्याआधीच माणूस गेला तर आतली जखम कागदावर येत नाही आणि गुण कमीच राहतात. पण जखम वेळेत न सापडणे हासुद्धा उपचारांतलाच दोष, तेव्हा या शंकेने रुग्णालयाची सुटका होत नाही.

चुका कसल्या होत्या? टाळता येण्याजोग्या मृत्यूंत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. श्वासमार्ग सांभाळण्यातली कमतरता १४.३ टक्के, आणि रक्तस्राव थांबवून रुग्णाला सावरण्यातली १६.३ टक्के. त्यांच्या जोडीला ठरलेली कार्यपद्धती नसणे, असली तरी न पाळणे, रुग्णालयात पोचायला आणि स्कॅन व्हायला उशीर.

श्वासाचे आधी पाहू. बेशुद्ध माणसाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, वाट बंद होते. उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते. डोक्याला मार लागलेला असेल तर प्राणवायूच्या तुटवड्याने मेंदूची हानी वाढते आणि भरून येण्यासारखी इजाही प्राण घेते. सक्शन, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी, हे उपाय नंतरचे. जबडा पुढे उचलून वाट मोकळी करायला कोणतेच यंत्र लागत नाही, शिकलेले दोन हात पुरतात. मात्र ट्रॉलीशेजारी ते हात त्या क्षणी असावे लागतात.

रक्तस्राव अधिक फसवा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. छाती, पोट, ओटीपोट आणि मांडी या ठिकाणी त्यातले बरेचसे बाहेर एक थेंबही न दिसता साचू शकते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवते. साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत तो फारसा उतरत नाही. नाडी तेवढी पळत असते. केस पेपरवर 'पेशंट स्टेबल' असा शेरा पडतो तो बहुधा याच टप्प्यावर. मग दाब कोसळला की सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या जातात. त्याने दाब थोडा वेळ चढतो खरा. पण रक्त पातळ होते, शरीर थंड पडते आणि रक्त गोठेनासे होते. अशा रुग्णाला रक्तच द्यावे लागते आणि गळती बंद करायला लवकर ऑपरेशन थिएटर गाठावे लागते.

याच ठिकाणी एक स्वस्त औषध उपयोगी पडते. जपानच्या शोसुके आणि उताको ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे आणले. झालेली गुठळी विरघळू न देणे हे त्याचे काम. अपघातग्रस्तांवर त्याची मोठी परीक्षा व्हायला अर्धशतक जावे लागले. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर ती झाली, भारतीय रुग्णालयेही त्यात होती. २०१० साली निकाल आला: औषध न मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के, मिळालेल्यांत १४.५ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली तेव्हा दिसले की पहिल्या तीन तासांत दिलेले औषध रक्तस्रावाचे मृत्यू कमी करते. तीन तास उलटल्यावर दिले, तर ते वाढलेले आढळतात. औषध तेच, मात्रा तीच.

तालुक्याच्या गावाहून 'पुढे हलवा' म्हणून धाडलेल्या जखमीचे हे तीन तास बरेचदा ॲम्ब्युलन्समध्येच सरतात. पहिल्या डॉक्टरने हे इंजेक्शन तिथेच दिले तर गोष्ट वेगळी. दिले नसेल, तर शहरातल्या कॅज्युअल्टीत बसलेल्या निवासी डॉक्टरला ते आता द्यावे की नाही हे ठरवायला अपघात किती वाजता झाला एवढेच कळावे लागते. सोबतच्या चिठ्ठीवर रक्तदाब, नाडी, बांधलेली पट्टी यांच्याबरोबर ती वेळही लिहिलेली हवी.