एक तोंड, शेकडो शेपट्या

२००९ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांतात, शिराहामाच्या मासेमारी बंदरातल्या एका जुन्या तराफ्याच्या फ्लोटमध्ये एक किडा दडून बसलेला सापडला. बाहेर काढून मोजला तर लांबी २९९ सेंटीमीटर, वजन ४३३ ग्रॅम, आणि अंगाचे खंड ६७३. ही जात यूनिसे ॲफ्रोडिटॉइस. पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये तिची नोंद केली होती. डोक्यालगतचे एक-दोन खंड सोडले तर प्रत्येक खंडाला राठ केसांच्या झुबक्यांसह पायांची जोडी असते, म्हणजे या एका प्राण्याला तेराशेहून जास्त पाय होते. आपल्याकडच्या शेतातल्या गांडुळाचे खंड साधारण शंभर ते एकशेवीस. नात्याने दोघेही एकाच संघातले, ॲनेलिडा म्हणजे वलयी प्राण्यांच्या.

तरीही शिराहामाचा किडा मोजता येतो. डोक्यापासून सुरुवात करायची आणि शेपटीशी थांबायचं. अंगभर राठ केस असलेल्या या समुद्री किड्यांना पॉलिकीट म्हणतात, त्यांच्या दहा हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे, आणि जवळपास सगळ्यांची बांधणी याच नियमाची. पुढे डोकं, मागे शेपूट, मध्ये एकामागे एक खंड. नवा खंड तयार होतो तो शेपटीच्या टोकाच्या अगदी अलीकडे, त्यामुळे सगळ्यात कोवळा खंड नेहमी मागे असतो. लांबी कितीही वाढली तरी ओळ एकच राहते.

हा नियम मोडणारा एक किडा उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. डार्विन बंदरात भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला जवळजवळ आठ मीटरपर्यंत जातो. तिथल्या उथळ पाण्यात पेट्रोसिया वंशाचे स्पंज वाढतात. ख्रिस्तोफर ग्लासबी, पॉल श्रोडर आणि मारिया तेरेसा अग्वादो या तिघांनी २०१२ मध्ये या स्पंजात राहणाऱ्या किड्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला नाव दिलं रॅमिसिलिस मल्टिकॉडाटा. कुळ सिलिडी. या कुळातले किडे एरवी इतके लहान आणि नाजूक असतात की भिंगाखाली धरल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही.

स्पंजाच्या पृष्ठभागावर या किड्याची बारीक टोकं छिद्रांतून बाहेर येऊन वळवळताना दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, आत किड्यांची वसाहत आहे. प्रत्यक्षात ती सगळी टोकं एकाच प्राण्याच्या शेपट्या असतात. डोकं एकच, आणि तेही स्पंजाच्या बुडाशी, खोल आत. तिथून निघालेलं शरीर थोडं पुढे जाऊन फुटतं, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, आणि स्पंजातल्या पाण्याच्या वाटांतून ते सगळीकडे पसरतात. एका प्राण्याला अशा शेकडो फांद्या असतात. शिराहामाच्या किड्याचे ६७३ खंड एका बैठकीत मोजून होतील. इथे मात्र स्पंज चिरत, एकही फांदी न तोडता आत जावं लागतं, आणि संशोधकांच्या हाती शाबूत डोकं फार थोड्या वेळा लागलं आहे.

आता जरा हिशेब मांडू. प्रत्येक फाट्याला एकाचे दोन होतात असं धरलं, तर एका शेपटीपासून पाचशे शेपट्या व्हायला बरोबर ४९९ ठिकाणी शरीर फुटावं लागतं. आणि फुटतं म्हणजे काय फुटतं? २०२१ मध्ये ग्योटिंगेन आणि माद्रिद इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ऊतींचे पातळ छेद, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांची त्रिमितीय छायाचित्रं एकत्र आणून याचं उत्तर दिलं. प्रत्येक फाट्यावर आतले सगळे अवयव दुभागतात. आतडं फुटतं, मज्जारज्जू फुटतो, रक्तवाहिन्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीला आपापला पूर्ण संच मिळतो. पाचशे टोकांच्या किड्याचं आतडं ४९९ वेळा दुभागलेलं असतं. एका तोंडाला पाचशे गुदद्वारं. मला तरी प्राणिजगतातलं याहून अचाट गुणोत्तर माहीत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट हाती आली. दोन फांद्या जिथे वेगळ्या होतात तिथे एका फांदीच्या स्नायूंतून दुसरीच्या स्नायूंत आडवे पूल गेलेले दिसले. असे पूल याआधी कोणत्याच प्राण्यात नोंदले गेले नव्हते. त्यांच्यामुळे दोन प्रश्न सुटतात. फाट्यावर मूळ शरीर कोणतं आणि नंतर फुटलेली फांदी कोणती, हे निदान तत्त्वतः ओळखता येतं. आणि फाटे भ्रूणावस्थेत पडत नाहीत, किडा मोठा झाल्यावर आयुष्यभर पडत राहतात, हेही कळतं. स्पंज वाढतो तशी किड्यालाही नवी वाट सापडत जाते.

मग या पसाऱ्याचं पोट कसं भरतं? एकाच चुलीवर शेकडो पानं उठवावीत, तसा हा प्रपंच आहे. आतड्याची रचना कामाची आहे, आतल्या पेशी ठाकठीक आहेत. पण संशोधकांनी तपासलेल्या आतड्यांत अन्नाचा मागमूस मिळाला नाही. एवढंसं तोंड, तेही स्पंजाच्या पोटात रुतलेलं, आणि त्याच्या भरवशावर शेकडो शेपट्यांचं शरीर जगतं आणि वाढतं. या किड्याबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न मला हाच वाटतो. फांद्या कशा फुटतात हे आपण छेद घेऊन पाहू शकलो, त्या पोसल्या कशा जातात हे अजून उलगडलेलं नाही.

विणीच्या काळात हिशेब आणखी वाढतो. सिलिडी कुळातल्या बऱ्याच किड्यांत शरीराचा मागचा भाग अंडी किंवा शुक्रपेशींनी भरतो, त्याला स्वतःचे डोळे फुटतात आणि तो सुटून पोहत निघून जातो. मूळ किडा मागे सुरक्षित राहतो आणि शेपूट पुन्हा वाढवतो. या सुटणाऱ्या भागाला स्टोलन म्हणतात. साध्या सिलिडला मागचं टोक एकच. रॅमिसिलिसच्या मात्र अनेक फांद्यांच्या टोकांना एकाच हंगामात स्टोलन धरतात. २०२१ च्या अभ्यासात असंही दिसलं की स्टोलनमध्ये डोळ्यांबरोबर छोटासा मेंदूही तयार होतो. म्हणजे काही काळ त्या एका शरीराला बुडाशी एक मेंदू असतो आणि टोकाटोकांना कितीतरी तात्पुरते मेंदू. स्टोलन सुटले, समुद्रात जाऊन अंडी-शुक्रपेशी सोडून संपले, की पुन्हा तो एक डोकं असलेला प्राणी उरतो. अशा वेळी ‘एक प्राणी’ कशाला म्हणायचं, हे मोजणाऱ्याने आधी ठरवून घ्यावं लागतं.

असा किडा असू शकतो हे विज्ञानाला कळलं ते मात्र फार आधी. ब्रिटिशांचं ‘चॅलेंजर’ जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्र गाळत फिरलं. फिलिपीन्सच्या सेबू बेटाजवळून वर काढलेल्या काचतंतूंच्या स्पंजात फांद्या फुटलेला किडा निघाला. विल्यम मॅकिंटॉश यांनी १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं सिलिस रॅमोसा. तेव्हापासून दुसरी जात नोंदली जाईपर्यंत १३३ वर्षं गेली. तिसरीला मात्र दहाच लागली. जपानच्या सादो बेटाजवळच्या स्पंजात सापडलेल्या या जातीला २०२२ मध्ये, जपानी चित्रपटांतल्या तीन डोक्यांच्या किंग घिदोरा या राक्षसावरून, रॅमिसिलिस किंगघिदोराही असं नाव मिळालं. नाव तीन डोक्यांच्या राक्षसाचं असलं तरी डोकं याचंही एकच. स्पंजांच्या आजवर नोंदल्या गेलेल्या जाती हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या फारच थोड्या कुणी आत किडा आहे का हे पाहण्यासाठी बुडापर्यंत चिरून पाहिल्या आहेत.